न दिलेला चौथा भाग

मित्रांनो, चर्चच्या तळघरात, जिन्याखाली, वीस-बावीस घडीच्या खुर्च्या जिला टेकवून ठेवल्या आहेत, त्या काळपट वस्तूला तुम्ही कपाट समजलात तरी मला राग येणार नाही. गेल्या हिवाळ्यात एका बाईंनी माझ्यावर भिजलेला कोट वाळत घातला होता. मी एक जुना पियानो आहे, पायाने भाता मारला की आपोआप वाजणारा. माझ्या पिढीचे आता सेंट लुइस शहरात फारसे उरले नाहीत. काही सरपणात गेले, काही नदीकाठच्या उकिरड्यावर गेले, आणि एकाच्या पोटात कोंबड्या अंडी घालतात असे मी ऐकून आहे.

वय झाले की जवळचे विसरते आणि लांबचे स्वच्छ दिसते. काल इथे कोण येऊन गेले ते मला सांगता येणार नाही. पण सन एकोणीसशे आठच्या मार्च महिन्यात लेम गेन्सने माझ्या पट्ट्यांवर पहिल्यांदा बोटे ठेवली तेव्हा ती किती गार होती, हे मला नीट आठवते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. छातीची फळी हलक्या सुरूची, हातोड्या मेपलच्या लाकडाच्या, त्यांच्या डोक्यांना दाबलेली लोकर. पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत होते. तो हत्ती मी पाहिला नाही, पण त्याच्याविषयी मनात कधी कधी येते. माझ्या पोटात एक यंत्रही बसवले होते. भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी छातीतल्या खणात लावायची आणि खालच्या दोन फळ्या पायांनी दाबत राहायचे. मग त्या भोकांतून हवा ओढली जाई आणि माझ्या पट्ट्या आपणहून खालीवर होत. पाहणाऱ्याला वाटे, दिसत नाही असा कोणी माणूस बसून वाजवतो आहे.

त्या यंत्रामुळेच पुलियमबाईंनी मला घेतले. मार्केट स्ट्रीटवर त्यांचा गुत्ता होता. नवरा गेल्यावर त्यांनीच तो चालवला. आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत गुत्त्यात पियानो वाजवणाऱ्याला सगळे प्रोफेसर म्हणत, मग त्याने शाळेची पायरी चढलेली असो वा नसो.

"तीन प्रोफेसर पळाले माझे," पुलियमबाई मला आत आणणाऱ्या हमालांना सांगत होत्या. "एक दारूपायी, एक बायकोपायी, एक दुसऱ्याच्या बायकोपायी. हा तरी कुठं पळणार नाही. चार माणसं लागली याला हलवायला."

दारात एक उंच, काटकुळा तरुण टोपी हातात धरून उभा होता. तोच लेम्युएल गेन्स. चोवीस वर्षांचा. कामाच्या आशेने आला होता. त्याने माझ्याकडे असे पाहिले जसे बाई घरात आलेल्या सवतीकडे पाहते.

"म्हणजे माझी भाकरी आता हा खाणार तर."

"खाईना का," पुलियमबाई म्हणाल्या. "पीत तर नाही!"

"पीत नाही, पण ऐकतही नाही, बाई. गिऱ्हाईक म्हणालं, प्रोफेसर, जरा दमानं, माझ्या पायात गोळा आलाय, तर हा थांबणार आहे का?"

पुलियमबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "बस. वाजव बघू."

तो बसला आणि वाजवू लागला. त्या वाजवण्याला रॅग म्हणत. त्यात डावा हात घड्याळासारखा ठेका धरतो आणि उजवा हात त्याला हुलकावण्या देत पळतो. कधी अर्धे पाऊल आधी, कधी अर्धे पाऊल मागे. ऐकणाऱ्याला वाटते, आता हा पडणार, आणि तो पडत नाही. कारखान्यातून निघाल्यापासून मला कोणी असे वाजवले नव्हते. पुलियमबाईंनी गुंडाळ्यांचे खोके उचलले आणि कपाटात ठेवून दिले. लेम जेवायला बसला की तेवढ्यापुरती एखादी गुंडाळी माझ्या पोटात लागे. तळलेला मासा खाता खाता तो माझ्याकडे पाहून म्हणे, "वाजव बाबा, आज तुझी पाळी." सवतीचे आम्ही जोडीदार झालो.

ती दहा वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती. माझ्या डाव्या टोकाच्या पट्ट्यांवर चिरुटाचे चटके आहेत आणि झाकणावर पेल्यांची गोल वर्तुळे आहेत. मला त्यांची कधी लाज वाटली नाही. एका शनिवारी बत्तीस जोडपी एकदम नाचली आणि जमिनीची फळी मोडली, तेव्हा लोकांनी लेमला खांद्यावर घेतले आणि मला थोपटले.

डेल्फीन दर सोमवारी सकाळी इस्त्री केलेले टेबलक्लॉथ घेऊन येई. ती धुण्याची कामे करायची. तिच्या चालण्यात एक झोक होता. लेम बोलत काही नसे, ती दारातून आत आली की काहीतरी वाजवू लागे. एके दिवशी ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "प्रोफेसर, हे दर सोमवारी तेच का वाजवता? दुसरं येत नाही?"

"येतं की. पण हे तुमच्या चालीचं आहे."

"माझी चाल इतकी वाकडी आहे?"

"वाकडी नाही. फक्त कोणाला पकडता येत नाही."

पुढच्या वसंतात त्यांचे लग्न झाले आणि त्या सुरांचा तीन भागांचा रॅग झाला. लेमने त्याला डेल्फीनचेच नाव दिले. सन तेरात त्यांना मुलगी झाली. तिचे नाव कोरीन.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे तुम्हाला कळणार नाही. रॅग बहुधा चार भागांचा असतो आणि त्यातला शेवटचा भाग सर्वांत देखणा. पण आमच्याकडचे वाजवणारे परक्या वादकासमोर तो शेवटचा भाग कधी वाजवत नसत. तीन भाग संपले की हात उचलायचे, घाम पुसायचा, हसायचे. बहुतेकांना स्वर कागदावर लिहिता येत नव्हते. ज्याने ऐकले आणि ज्याच्या लक्षात राहिले, त्याचे ते होऊन जाई. लेमने वीस वर्षांचा असताना सेडेलिया गावात आपला पहिला रॅग चारही भागांसकट एका भल्या दिसणाऱ्या माणसाला ऐकवला होता. दोन महिन्यांनी तो छापून दुकानाच्या काचेत लागला. वर नाव त्या माणसाचे. तेव्हापासून लेम म्हणे, "तीन भाग गिऱ्हाइकाचे, चौथा घरचा."

सन अठराच्या शरद ऋतूत कॅन्सस सिटीला पियानोवाल्यांची मोठी लढत ठरली. डेल्फीनला दोन दिवस खोकला होता. ती म्हणाली, जा, नुसता खोकला आहे. लेम गेला. लढत जिंकून, छातीवर फीत लावून चौथ्या दिवशी परतला तेव्हा डेल्फीनला पुरून एक दिवस झाला होता. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत लोक असेच जात होते. दफनाला वाट पाहायची सोय नव्हती.

त्यानंतर लेम रोज सकाळी गुत्ता उघडण्याआधी येऊ लागला. दाराला आतून कडी लावी. बरोबर पाच वर्षांची कोरीन असे. तिला सांभाळायला घरी कोणी नव्हते. ती माझ्या खाली, त्याच्या पायांजवळ, माझ्या पोटाच्या फळीला पाठ टेकून बसे. तिच्या पाठीचे कण्याचे मणी मला लागत. आणि लेम वरती चौथा भाग रचत होता.

त्याविषयी मी काय सांगू? तो संथ होता. डावा हात ठेका धरतो, पण दोन ठिकाणी थांबतो, जिना चढताना माणूस थांबतो तसा. उजवा हात मात्र थांबत नाही, एकटाच पुढे जातो आणि मग मागे वळून पाहतो. असा रॅग तोवर कोणी केला नव्हता. तीन आठवड्यांनी तो पूर्ण झाला. लेम फक्त बंद दाराआड तो वाजवी.

दुसऱ्या वर्षी शिकागोच्या एका गुंडाळ्या बनवणाऱ्या कंपनीने त्याला बोलावले. तिथे एक वेगळा पियानो होता. त्यावर वाजवले की बोटे पडतील तिथे कागदावर खुणा उमटत, आणि मग त्या खुणांवर भोके पाडून गुंडाळी तयार होई. म्हणजे माणूस मेला तरी त्याची बोटे शिल्लक राहत. लेम काळ्या लोकांसाठीच्या मागच्या दाराने आत गेला, वाजवले, आणि महिन्याभराने गुंडाळी टपालाने आली.

ती माझ्या पोटात लावली तेव्हा पुलियमबाई होत्या आणि शॅड मोझली होता. शॅड म्हणजे लेमचा मित्र आणि धंद्यातला वैरी. लेम बाजूला उभा राहिला. माझ्या पट्ट्या खाली जाऊ लागल्या, आणि मित्रांनो, ते लेमचेच हात होते. पहिला भाग झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. पुढचा भाग येणार म्हणून मी श्वास भरून घेतला. कागद संपला. सुटलेले टोक फडफड करत फिरत राहिले.

"चौथा कुठंय?" शॅडने विचारले.

"कसला चौथा?"

"अरे लबाडा! तीन भागांचा रॅग म्हणजे तीन पायांची खाट. सकाळी कडी लावून काय करतोस ते मार्केट स्ट्रीटच्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे."

"मग मांजरांना म्हण, वाजवून दाखवा."

"लेम," पुलियमबाई म्हणाल्या, "कागदाला तरी द्यायचं होतंस रे. कागद काय घेऊन पळणार आहे?"

"कागदच पळतो, बाई. माणूस पळाला तर गळपट्टी धरून आणता येतो."

शॅड हसला, लेमही हसला. आपण फार शहाणपणा केला असे त्याला वाटत होते. मलाही तसेच वाटले. माझ्याकडे चौथा भाग आहे आणि जगाकडे नाही, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, हे मी कबूल करतो.

पुढच्या वर्षी दारूबंदी आली. गुत्ता बंद झाला. पुलियमबाई बहिणीकडे मेंफिसला निघाल्या आणि जाताना त्यांनी मला लेमच्या हवाली केले. मिल क्रीकच्या वस्तीत पेपिन स्ट्रीटवर त्याच्या दोन खोल्या होत्या. तिथे तोवर त्याची मोठी बहीण झेनोबिया कोरीनला सांभाळायला येऊन राहिली होती. झेनोबियाआत्या देवभोळ्या आणि करड्या होत्या. मला दारातून आत आणताना त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"लेम्या, गुत्त्याची पेटी तू पोरीच्या खोलीत ठेवणार?"

"ताई, पेटीनं कधी घोट घेतला नाही."

"वास तर येतोय!"

त्यांनी मला व्हिनेगरने तीन वेळा पुसले, विणलेले पांढरे कापड घातले आणि वर बायबल ठेवले. पुढे त्यांनीच कोरीनला माझ्यावर प्रार्थनागीते शिकवली. मुलीचा हात चांगला होता. बाराव्या वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला, त्या दिवशी आत्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन शब्द घेतला: ही बोटे देवाच्या गाण्याशिवाय दुसरे काही वाजवणार नाहीत. लेम दारात उभा होता.

त्याचेही दिवस फिरले होते. रॅग म्हातारा झाला आणि जॅझ आला. लेम नदीवरच्या सहलीच्या बोटींवर बँडबरोबर वाजवू लागला. तो ते शिकला, चांगलेही वाजवी, पण तिथे एका पियानोवाल्याचे ऐकणार कोण? कर्णे आणि ढोल यांच्यामागे तो बसलेला असे. मग मूकपटांच्या थिएटरात काम मिळाले आणि चित्रपट बोलू लागल्यावर तेही गेले. शेवटी तो रेल्वेच्या यार्डात डबे धुवायला लागला. सोड्याचे गार पाणी आणि तारेचा ब्रश, सोळा वर्षे. घरी येऊन तो माझ्यासमोर बसे, पण बोटे उघडायला वेळ लागे. चौथा भाग तो वर्षातून एकदाच वाजवी, ऑक्टोबरात, घरी कोणी नसताना.

झेनोबियाआत्या सन अडतिसात वारल्या. सत्तेचाळीसमध्ये लेमला झटका आला आणि त्याचा डावा हात कायमचा लुळा पडला. तो हात मांडीवर असा पडून असे, जसे कोणीतरी विसरून गेलेले पाकीट.

अशा वेळी, सन एकोणपन्नासच्या नोव्हेंबरात, एक गोरे मास्तर दार ठोठावून आले. ते कॉलेजात शिकवत आणि जुन्या रॅगवाल्यांना शोधत फिरत. त्यांच्याजवळ तारेवर आवाज उतरवून घेणारे एक यंत्र होते. टोपी काढून ते अदबीने बसले.

"मिस्टर गेन्स, तुमची गुंडाळी माझ्याकडे आहे. मी ती शंभर वेळा ऐकली असेल. ती संपत नाही, मध्येच तुटते. त्याला चौथा भाग असला पाहिजे."

लेमने मांडीवरच्या लुळ्या हाताकडे पाहिले. तीस वर्षे त्याने या प्रश्नाला हसून उत्तर दिले होते. मग तो म्हणाला, "आहे."

"मला ऐकवाल?"

"हात एकच राहिलाय, मास्तर. पुढच्या गुरुवारी या. दुसऱ्या हाताची सोय करून ठेवतो."

कोरीन तेव्हा छत्तीस वर्षांची होती. शिवणाच्या कारखान्यात काम करी आणि रविवारी चर्चमध्ये वाजवी. लग्न तिने केले नव्हते. त्या संध्याकाळी ती भाजी चिरत असताना लेमने विषय काढला.

"कोरीन, मला तुझा डावा हात पाहिजे."

"कशाला?"

"उजवा माझा चालतो. डावा तू धर. चौथा भाग. एकदाच."

"मी आत्याला शब्द दिलाय, बाबा."

"ताई जाऊन अकरा वर्षं झाली."

"ती गेली. शब्द नाही गेला."

"बरं, मग देवाला मी सांगेन की म्हाताऱ्यानं जबरदस्ती केली." तो हसायला गेला, पण त्याच्या तोंडाची एकच बाजू हसत असे. "तू खाली बसायचीस माझ्या पायाशी. आठवतं? ठेका तुझ्या कानात असणार."

"मला नाही आठवत."

"रोज सकाळी असायचीस तिथं."

कोरीनने सुरी खाली ठेवली. "बाबा, मी पाच वर्षांची होते. मला एवढंच आठवतं, आई खोकत होती, पाणी मागत होती, आणि मला माठापर्यंत हात पोचत नव्हता. आणि तुम्ही घरी नव्हतात."

लेमने तिच्या पुढ्यातली सुरी बाजूला सरकवली.

"तेच आहे गं त्या भागात," लेम म्हणाला.

"मग ते लोकांना कशाला ऐकवायचं?"

चार दिवस दोघे एका टेबलावर जेवले आणि एकमेकांना मीठ देण्यापलीकडे बोलले नाहीत.

गुरुवारी मास्तर आले. लेमने स्वच्छ सदरा घातला होता. यंत्र सुरू झाले आणि त्याने एकट्या उजव्या हाताने चौथा भाग वाजवायला घेतला. मित्रांनो, मी माझ्याकडून जितके देता येईल तितके दिले. पण डाव्या हाताच्या पट्ट्या मुक्या होत्या. ठेकाच नाही, तर तो थांबला हे कळणार कसे? ऐकणाऱ्याला वाटले असते, कोणी म्हातारा चाचपडतो आहे. अर्ध्यावर लेमने हात उचलला.

"बंद करा ते. आणि पुसून टाका."

"पण मिस्टर गेन्स, जे आहे तेही मोलाचं आहे..."

"अर्धी डेल्फीन मी कोणाला देणार नाही. पुसा, माझ्यासमोर पुसा."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी तारेवरचे सगळे पुसले. फेब्रुवारीत लेम वारला. डेल्फीनशेजारी जागा मिळाली नाही. दोन रांगा सोडून मिळाली.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणी आपापली रिकामी भांडी घेऊन गेल्या. मक्याच्या पावाचे तुकडे टेबलावर तसेच होते. कोरीनने दार लावले, कडी घातली. काळा पोशाख अजून अंगावर होता. तिने बायबल उचलून खुर्चीवर ठेवले, विणलेले कापड काढून घडी घातली आणि माझे झाकण उघडले.

मला वाटले, प्रार्थनागीत असेल. तिने दोन्ही हात ठेवले आणि चौथा भाग वाजवला. पहिले तीन नाही, सरळ चौथा. डावा हात ठेका धरून चालला, पहिल्या जागी थांबला, दुसऱ्या जागी थांबला. उजवा एकटा पुढे गेला आणि मागे वळला. एक सूर चुकला नाही. पाच वर्षांच्या पाठीने माझ्या फळीतून जे घेतले होते, ते एकतीस वर्षे तिने जसेच्या तसे सांभाळले होते.

वाजवून झाल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आठवत नाही म्हणाले मी त्यांना." हे तिने दोनदा म्हटले. मग कापड घातले, बायबल ठेवले.

त्यानंतर तिने तो कधी वाजवला नाही. निदान माझ्यावर तरी नाही.

दहा वर्षांनी शहराने मिल क्रीकची सगळी वस्ती पाडायला घेतली. पेपिन स्ट्रीट आता नकाशावर शोधूनही सापडत नाही असे म्हणतात. कोरीनला एका उंच इमारतीत एक खोली मिळाली. तिच्या दारातून मी जात नव्हतो. तिने मला चर्चला दिले, आणि मी या तळघरात आलो. रविवारच्या शाळेतली मुले माझ्यावर मुठी मारत. मला ते आवडे, कारण मारणे हेही एक प्रकारचे विचारणे आहे. मग शाळा वरच्या मजल्यावर गेली. कसरीने माझी लोकर खाल्ली, सात पट्ट्या वर येईनाशा झाल्या.

सन चौऱ्याहत्तरमध्ये एकाएकी देशभर पुन्हा रॅग वाजू लागले. लोक जुन्या गोष्टी शोधायला लागले. आमच्या चर्चच्या गायनमंडळाची नवी प्रमुख लोरेटा ही उत्साही तरुणी होती. माझ्या बाकाच्या पेटीत तिला लेमची गुंडाळी सापडली. तिने वर्गणी काढली, सूर लावणाऱ्याला आणले, माझा भाता दुरुस्त केला. एका रविवारी दुपारी, प्रार्थनेनंतरच्या जेवणाच्या वेळी, सगळी मंडळी खाली जमली. कोरीन एकसष्ट वर्षांची होती. हिरवी टोपी आणि पांढरे हातमोजे घालून ती पुढच्या रांगेत बसली होती.

लोरेटाने पायांनी भाता मारायला सुरुवात केली. पंचावन्न वर्षांनी लेमचे हात माझ्या पट्ट्यांवरून फिरले. पहिला भाग, दुसरा, तिसरा. म्हातारी माणसे पाय आपटू लागली. मग कागद संपला, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटले, झाले.

लोरेटा धापा टाकत वळली. "कोरीनमावशी, किती सुंदर! एवढंच होतं का हो, की आणखी आहे?"

कोरीनने तिच्याकडे पाहिले. "एवढंच," ती म्हणाली.

"बरं," म्हणून लोरेटा रताळ्याची पाई वाढायला गेली.

पण कोरीन उठून गेली नाही. लोक ताटे घेऊन टेबलांकडे गेले तेव्हा ती माझ्याजवळ आली. तिने उजव्या हाताचा मोजा काढला. मग डाव्या हाताचा काढला. दोन्ही मोजे तिने माझ्या झाकणावर ठेवले आणि उभी राहिली. तिची बोटे उघडी होती. कोणी फक्त वळून म्हणायला हवे होते, "मावशी, खरंच एवढंच?" मी तिच्या इतका जवळ होतो, पण मला कोणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही. कोणीतरी पाईचे ताट तिच्या पुढे धरले. "नको," ती म्हणाली. सगळी भांडी धुऊन होईपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिने मोजे चढवले, एक एक बोट नीट बसवत, आणि जिना चढून गेली.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. वरच्या मजल्यावर तिच्यासाठी गाणी म्हटली, ती मी छतातून ऐकली.

चौथा भाग आता फक्त मला माहीत आहे. पण मला हात नाहीत. माझ्या तारा ढिल्या झाल्या आहेत, आणि कोणी उद्या सगळ्या नव्या घातल्या तरी त्या वाजवणाऱ्याला सांगणार नाहीत की डावा हात कुठे थांबायचा.

मित्रांनो, माझ्यावरच्या खुर्च्या राहू द्या. मला पुसले नाहीत तरी चालेल. एवढे मात्र करा. तुमच्या घरात कोणी अर्धेच गाणे म्हणून थांबत असेल, अर्धीच गोष्ट सांगून उठत असेल, तर उरलेले मागा. ते नाही म्हणतील. आठवत नाही म्हणतील. त्यांच्यापाशी त्याची कारणे असतात आणि ती खरी असतात. तरी थोडा वेळ जवळ उभे राहा आणि पुन्हा विचारा. आमच्याकडे सगळे भले लोक होते, पण दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही.